रागवायची चादर

आमच्या इनचार्ज बाईंना राग आला की त्या आधी चादर शोधायच्या.

म्हणजे असं व्हायचं. एखाद्या नर्सच्या हातून काहीतरी चुकलेलं, ती ट्रे धरून उभी, शेजारी डॉक्टर भुवया उंचावून, पेशंटचा भाऊ कमरेवर हात ठेवून, आणि बाई शांतपणे म्हणणार, "चल गो, जरा चादरीची घडी घालूया." डॉक्टरला वाटायचं, या बाईला कशाचं गांभीर्य म्हणून नाही. चादरी ठेवायच्या खोलीचं, लिनन रूमचं, दार लागलं की पुढं काय वाढून ठेवलंय ते आम्हाला मात्र तोंडपाठ होतं.

दोन टोकं तुमच्या हातात, दोन बाईंच्या. चादर ताणायची, झटकायची. बाई विचारणार, "बेडचा कठडा वर होता की खाली?" उत्तर द्यायचं. मग चालत एकमेकींजवळ यायचं आणि टोकाला टोक लावायचं. जवळ आल्यावर बाई बोलायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. बोलणं परवडलं, पण ते बघणं नको वाटायचं. पुन्हा मागं सरायचं, पुन्हा ताणायची, पुढचा प्रश्न. घड्या वाढत जायच्या तसा आवाज खाली यायचा. चादर उशीएवढी झाली की बाई ती फळीवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "खलास." तो विषय पुन्हा कधी निघायचा नाही, वर्षाच्या अप्रेझललासुद्धा नाही. चूक फारच मोठी असली तर घातलेली घडी मोडून पहिल्यापासून सुरुवात व्हायची.

यातली गंमत अशी की आमच्या चादरी लाँड्रीतून इस्त्री होऊन, घड्या घालूनच यायच्या. मी नवीन होते तेव्हा मला हे शहाणपण सुचलं. मी म्हटलं, बाई, या तर घडी घातलेल्याच आहेत. त्यावर बाई म्हणाल्या, "म्हणूनच तर उलगडली," आणि माझी त्या दिवशीची शिक्षा दोन घड्यांनी वाढली.

पुढं एकदा इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरनं हे बघितलं आणि कपाळाला हात लावला. धुतलेली चादर पेशंटच्या अंगाखाली जायच्या आधी अशी हाताळायची नसते, हे तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. बाईंनी ते तिथल्या तिथं मान्य केलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून निळ्या फुलांची एक जुनी, मऊ पडलेली चादर आणली आणि सगळ्यात वरच्या फळीवर वेगळी ठेवून दिली. ती पेशंटला कधी घातली जायची नाही. ती फक्त रागवायची चादर होती.

बाई रत्नागिरीकडच्या, समुद्रकाठच्या एका मुसलमान कुटुंबातल्या. बुटक्या, गव्हाळ, चालण्यात घाई. इनचार्जला पांढरा कोट मिळायचा तो त्यांनी खुंटीला लावून ठेवला होता आणि त्या आमच्यासारखाच निळा युनिफॉर्म घालायच्या, वर हातानं विणलेला मरून स्वेटर. दुबईत बाहेर भट्टी पेटलेली असो, एसीशी बाईंचं कायमचं वाकडं होतं. समुद्रालगतच्या मरीनाच्या टोलेजंग इमारतींच्या जागी पूर्वी नुसती वाळू होती, असं सांगणारी जुनी माणसं इथं ढिगानं भेटतात. बाईही तेवढ्याच जुन्या, पण त्यांनी ते कधी सांगितलं नाही. त्यांना मरीना बघायलाच सवड झाली नव्हती. केबिन होती, पण त्यात आम्ही डबे खायचो. बाई तिथं फक्त नमाजापुरत्या जायच्या, आणि तेवढा वेळ आम्ही डबे घेऊन बाहेर उभ्या राहायचो.

त्यांचा आणखी एक चमत्कारिक नियम होता. ड्यूटी बदलताना एकीनं दुसरीला पेशंटची माहिती द्यायची, त्या वेळी कुणी 'इन्शाल्ला' म्हणायचं नाही. या देशात इन्शाल्लाशिवाय एसीवालासुद्धा येत नाही, आणि पाच वेळा नमाज पढणाऱ्या आमच्या बाईंनी त्यावर बंदी घातलेली. आम्ही मराठी, केरळी, फिलिपिनो सगळ्याच जणी तो शब्द सर्रास वापरायला लागलो होतो. कुणी म्हटलं की ड्रेसिंग बदलते इन्शाल्ला, की बाई थांबवायच्या. "अल्लाला मध्ये घालू नको. तू बदलणार की नाही ते सांग." मग ती बिचारी म्हणायची, बदलणार. बदलूनही यायची.

ड्यूटी लावताना त्या प्रत्येकीला तिचा सण विचारायच्या. मला विचारलं, "तुझा गणपती किती दिवसांचा?" मी म्हटलं, दीड दिवसाचा. तर म्हणाल्या, म्हणजे दोन सुट्ट्या, अर्ध्या दिवसात काय मोदक घशात कोंबणार आहेस? केरळच्या मुलींना ओणम, फिलिपिनो मुलींना नाताळ, आणि ईदच्या सकाळी वॉर्डात कोण, तर बाई. शीरखुर्मा मोठ्या डब्यातून यायचा आणि केबिनमध्ये आम्ही तो चाटून पुसून खायचो.

हे सगळं मला इतकं का लक्षात राहिलं, तर मी त्याआधी दुसरं बघून आले होते. मिरजेला शिकून दुबईत आले तेव्हा माझी पहिली नोकरी एका वेगळ्या हॉस्पिटलात होती. तिथल्या इनचार्जनी सगळ्या स्टाफचा एक व्हॉट्सॲप ग्रुप केला होता. कुणाची सलाइनची पट्टी वाकडी लागली की तिचा फोटो ग्रुपवर, खाली नाव आणि उलटा अंगठा. सकाळी उठल्यावर फोन उघडायची भीती वाटायची. तिथं आम्ही चुका कमी केल्या नाहीत, लपवायला शिकलो. आणि संधी मिळेल तशा एकेक जणी निघून गेलो. मी बाईंच्या वॉर्डात आले ती असा पोळलेला जीव घेऊन, आणि येतानाच ठरवलं होतं की दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं की आयर्लंड.

आयर्लंड हा आम्हा नर्सेसचा आजार आहे. तिथं कालांतरानं नागरिकत्व मिळतं, दुबईत जन्म काढला तरी व्हिसा व्हिसाच राहतो. माझ्या नवऱ्यानं, जो जुमेरा लेक टॉवर्समध्ये एका कंपनीत हिशेब बघतो, हे गणित मला इतक्या वेळा समजावलं होतं की आमची मुलगीसुद्धा आता पाठ म्हणायची, तेही इंग्रजीत. परीक्षा दिली, इंटरव्ह्यू झाला आणि एका रमजानच्या तोंडावर तिकडून ऑफर आली. ईदपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. बाईंना मी सांगितलं नव्हतं. तरी त्यांना कळलं असावं, कारण एकदा आमच्या घराकडे, इंटरनॅशनल सिटीला, जाणारी कारपूल चुकल्यावर त्यांनी मला स्वतःच्या गाडीतून सोडलं आणि वाटेत विचारलं, तिकडे थंडी फार असते ना गो? मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, स्वेटर विणून देईन. एवढंच. जा म्हणाल्या नाहीत, राहा म्हणाल्या नाहीत.

त्याच सुमारास वरच्या मजल्यावर नवे मॅनेजर आले होते. मुंबईचे, मराठी, मॅनेजमेंट शिकलेले, मरीनाला राहणारे. माणूस वाईट नव्हता. पुस्तकात वाचलेलं सगळं त्यांना खरं वाटायचं इतकंच. बाकीच्या वॉर्डांतून राजीनामे येतात आणि या वॉर्डातून का येत नाहीत, याचं त्यांना फार कुतूहल होतं. त्यांनी बाईंना सांगितलं की तुमची जी काही सिस्टम असेल तिचं एक प्रेझेंटेशन करा, सगळ्या इनचार्जना दाखवू. बाई म्हणाल्या, "माझ्याकडे एक चादर आहे, साहेब." साहेब हसले आणि निघून गेले.

मग तो दिवस आला. आमच्याकडे मालेगावचे एक म्हातारे चाचा ॲडमिट होते. मुलाकडे व्हिजिटवर आलेले, पायाला जखम, अंगात साखर. रोजे धरणारच म्हणून हटून बसले होते, तेव्हा डॉक्टरांनी त्यांचं इन्सुलिन संध्याकाळच्या इफ्तारच्या जेवणाला जोडून दिलं होतं. या इन्सुलिनचा नियम साधा आहे. जेवणाचं ताट समोर आलं की सुई द्यायची, कारण सुईनंतर पोटात अन्न गेलं नाही तर साखर धाडकन उतरते आणि माणूस हातचा जातो. आमच्याकडे अजान झाली की लगेच ताटांची ट्रॉली यायची, त्यामुळं अजान म्हणजे ताट असं सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं.

चाचांच्या फोनमध्येही अजान वाजायची. पण ती मालेगावची. मालेगावात सूर्य दुबईच्या बराच आधी मावळतो, आणि चाचांनी फोन मुद्दामच तसा ठेवला होता. घरी म्हातारीनं रोजा सोडला, तिच्या पोटात दोन घास गेले, हे त्यांना त्यावरून कळायचं. अजान वाजली की ते उठून बसायचे, हात उचलून दुआ मागायचे आणि पुन्हा दुबईच्या सूर्याची वाट बघत पडायचे.

जिन्सी नावाची केरळची मुलगी तेव्हा नुकतीच लागली होती, अजून प्रोबेशनवर. तिचा हा दुबईतला पहिला रमजान. तिनं अजान ऐकली, चाचांनी हात उचललेले बघितले आणि सुई देऊन मोकळी झाली. ताट काही येईना. चाचा तर खाणार नव्हतेच, त्यांचा दुबईतला रोजा अजून चालू होता.

मी खोलीत शिरले तेव्हा चाचांचा शर्ट घामानं भिजला होता आणि हात कापत होते. साखर तपासली तर पार खाली. मी बाहेर येऊन ओरडले की यांना काय दिलंय आणि कुणी. माझ्या पहिल्या हॉस्पिटलात असं विचारलं असतं तर सगळ्या माना खाली गेल्या असत्या. इथं माझं वाक्य पुरं व्हायच्या आत मागून जिन्सीचा आवाज आला; मला ती चेची, म्हणजे ताई, म्हणायची. "चेची, मैंने दिया. इन्सुलिन. अजान हो गया था ना?" पोरीचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती पुढं येऊन उभी होती.

आता काय करायचं ते कळलं, पण चाचा करू देईनात. सरबत नको, सलाइन नको. थोडंच तर राहिलंय बेटी, म्हणाले, उम्रभर एक रोजा सोडला नाही. डॉक्टर दुसऱ्या वॉर्डातून निघाले होते. शुद्धीत असलेल्या माणसाच्या तोंडात जबरदस्तीनं ओतता येत नाही, आणि तो बेशुद्ध व्हायची वाट बघत उभंही राहता येत नाही. तेवढ्यात बाई आल्या. आजारी माणसाला माफ असतं, हे त्यांनी सांगून पाहिलं. चाचा मान हलवत राहिले, ती मानही आता सैल पडत चालली होती.

बाईंनी चाचांच्या उशाशी इफ्तारसाठी ठेवलेली खजुराची डबी उघडली. एक खजूर उचलला आणि आम्हा सगळ्यांच्या देखत स्वतःच्या तोंडात टाकला. बाईंचाही रोजा होता, पहाटेपासून पाण्याचा थेंब नव्हता. त्या खजूर चावत चाचांकडे बघत राहिल्या, आणि ते बघणं कसलं ते मला ठाऊक होतं.

"मी मोडला, चाचा," त्या म्हणाल्या. "आता मला एकटीला पाडू नका."

चाचांनी त्यांच्याकडे बघितलं. मग तोंड उघडलं. मी सरबताचा ग्लास लावला, त्यांनी तो संपवला, आणि डॉक्टर येईस्तोवर साखर वर चढायला लागली होती. बाईंनी तोंड पुसलं, ईदनंतर एक रोजा भरून काढीन म्हणाल्या, आणि जिन्सीला घेऊन लिनन रूममध्ये गेल्या. त्या दिवशी घडी बऱ्याच वेळा मोडली असावी. बाहेर आल्यावर पोरीचे डोळे सुजले होते, पण ती सरळ चाचांच्या खोलीत गेली आणि पुन्हा साखर तपासायला लागली.

झालेल्या प्रकाराचा रिपोर्ट बाईंनी त्याच संध्याकाळी स्वतः भरून वर पाठवला. लपवाछपवी त्यांना खपायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब खाली आले. सगळा स्टाफ काउंटरपाशी जमला होता. साहेबांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं की मुलगी प्रोबेशनवर आहे, तिला आजच कमी करतोय आणि ते इथं सगळ्यांसमोर सांगणार आहे, म्हणजे बाकीच्यांना धडा मिळेल. मी शेजारीच उभी होते. जिन्सी समोर. नोकरी गेली की व्हिसा जातो आणि पोरगी महिन्याभरात घरी. आणि माझ्या फोनमध्ये आयर्लंडची ऑफर होती. मी मनात ठरवून टाकलं, हिला आज अशी चारचौघांत काढली तर दुपारच्या आत मी तिकडे हो कळवते. पुन्हा त्या व्हॉट्सॲप ग्रुपात मला जगायचं नव्हतं.

बाई म्हणाल्या, "साहेब, आधी जरा चादरीची घडी घालूया."

साहेबांना वाटलं की काहीतरी खाजगी बोलायचंय, म्हणून ते मागोमाग गेले. बाईंनी मलाही हाक मारली, वरच्या फळीपर्यंत त्यांचा हात पोचायचा नाही. मी निळ्या फुलांची चादर काढून दिली आणि दार लावून तिथंच उभी राहिले. बाईंनी दोन टोकं साहेबांच्या पुढं केली.

"हे काय, मॅडम?"

"धरा हो. हात गुंतलेले असले की बोलणं बेतानं होतं."

का कोण जाणे, साहेबांनी धरली. टाय सावरत, चादर जमिनीला लागणार नाही अशी हात उंच करून. बाईंनी झटकली, तशी त्यांनीही झटकली.

"सुई आधी दिली, हे तुम्हाला कसं कळलं?" बाईंनी विचारलं.

साहेब म्हणाले, रिपोर्टमध्ये आहे.

"आणि रिपोर्टमध्ये कुठून आलं? तिनं सांगितलं म्हणून. विचारल्याबरोबर सांगितलं. ती गप्प बसली असती तर आम्ही कारण शोधत बसलो असतो आणि म्हातारा गेला असता." त्या चालत जवळ आल्या, टोकाला टोक लावलं, नेहमीसारखं बघितलं आणि मागं सरल्या. "आज तिला सगळ्यांसमोर काढा. उद्या पण चूक होईल, साहेब. फक्त कुणी सांगणार नाही."

साहेब म्हणाले की नियम आहे, कुणाला तरी जबाबदार धरावंच लागेल. बाई म्हणाल्या, रिपोर्टखाली माझी सही आहे. चाचांच्या फोनची अजान वेगळी हे मला माहीत होतं. नव्या पोरीला ते मी सांगितलं नव्हतं.

"मग काय तुम्हाला काढू?" साहेबांचा आवाज चढला.

"काढा ना," बाई म्हणाल्या. "पण इथं आत सांगा. बाहेर नको."

साहेबांनी आपली टोकं ताणली. आणखी दोन घड्या पडल्या. चादर उशीएवढी झाली तेव्हा ती साहेबांच्याच हातात होती आणि ती कुठं ठेवायची हे त्यांना कळत नव्हतं. बाईंनी फळीकडे बोट केलं. त्यांनी ठेवली. "खलास?" बाईंनी विचारलं. साहेब दार उघडून काउंटरपाशी गेले आणि सगळ्यांना म्हणाले की काल एका नर्सनं वेळेवर खरं सांगितलं म्हणून पेशंट वाचला. इथून पुढं ताट डोळ्यांनी बघितल्याशिवाय सुई नाही, अजान कुठलीही वाजो, आणि नव्या आलेल्या प्रत्येकीला हे पहिल्या दिवशी सांगायचं. जिन्सीला पुन्हा ट्रेनिंग, माझ्या हाताखाली, हे त्यांनी मला नंतर बाजूला सांगितलं. सगळ्यांसमोर तिचं नावही त्यांनी घेतलं नाही.

ईदच्या आधी मी आयर्लंडला 'नाही' असं कळवून टाकलं. नवरा कपाळावर हात मारून म्हणाला, एका चादरीसाठी आयर्लंड सोडलंस? मुलगी म्हणाली, आई, आर यू सिरियस? मी म्हटलं हो. मला ते नीट समजावून सांगता आलं नाही, अजूनही येत नाही. पासपोर्टचं गणित त्यांचंच बरोबर आहे. पण चूक झाली तर पुढं येऊन सांगता येईल अशी जागा मला मिळाली होती, आणि ती सोडायची नाही हे मी पक्कं केलं होतं. ज्या कामात माणसाचा जीव आपल्या हातात असतो, त्या कामात याहून मोठं काय मिळवायचं असतं? पुढं बाहेरच्या ऑफर इतरही जणींना आल्या. काही गेल्या, त्यांना बाईंनी खरोखरच स्वेटर विणून दिले. पण बऱ्याच राहिल्या. जिन्सी राहिली.

बाई निवृत्त होऊन गावी गेल्या तेव्हा निरोपसमारंभात त्यांनी भाषण करायला साफ नकार दिला. मरून स्वेटर नेला, नमाजाचा मुसल्ला नेला. चादर फळीवरच राहिली होती. मी आठवण केली तर म्हणाल्या, "ती माझी कुठं, ती वॉर्डाची." वॉर्ड त्यांनी माझ्या हातात दिला होता, हे तेव्हा कागदावर यायचं होतं. अधूनमधून फोन येतो. मासळीचे भाव सांगतात आणि विचारतात, पोरी कशा आहेत. मी म्हणते, सगळं नीट होईल इन्शाल्ला, की पलीकडून लगेच, तू करणार की नाही ते सांग.

परवा एका बड्या पेशंटच्या नातेवाइकांनी वर तक्रार केली. चूक आमच्याच वॉर्डाची होती, म्हणजे माझी. साहेब तरातरा खाली आले. कानशिलं लाल, हातात फोन. काउंटरपाशी आठवड्याभरापूर्वी लागलेली एक मुलगी उभी होती, ती भिंतीला चिकटली. जिन्सी औषधांची ट्रॉली तिथंच सोडून माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. साहेबांनी तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, त्या नव्या मुलीकडे बघितलं आणि तोंड मिटलं.

"सिस्टर," ते म्हणाले, "चादर कुठंय?"

मी पुढं होऊन लिनन रूमचं दार उघडलं. निळ्या फुलांची चादर काढली, उलगडली, आणि माझी दोन टोकं घट्ट धरली.